पडद्यावरची मिस्सा आणि मुके गळे

मोबाइलवर पाहिलेली मिस्सा खरी मानावी की नाही, हा कॅथलिक समाजाचा घरगुती प्रश्न. त्यात बुऱ्हाणपुरात गाणे शिकविणाऱ्याने नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न गाण्याचाही आहे आणि मराठीचाही आहे.

वसईच्या मराठी कॅथलिकांचेच पाहा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देवळांबरोबर चर्चचीही दारे मिटली. १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी घरी बसून, पडद्यासमोर पाळला. यूट्यूबसारख्या फुकट साधनांनी अंथरुणाला खिळलेल्यांना आणि परमुलखात अडकलेल्यांना आपल्या भाषेतली प्रार्थना ऐकविली, हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. मात्र रोमची भूमिका त्याआधीच स्पष्ट होती. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ सालच्या निवेदनातच सांगितले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संतपद मिळालेल्या कार्लो अक्युटिस या मुलाने संगणकावर धर्मकार्य केले खरे, पण तो स्वतः रोज मिस्सेला जात असे.

धर्मशास्त्र धर्मगुरूंकडे सोपवू. माझी तक्रार निराळी आहे. भेटीगाठींच्या या साधनांवर वीस माणसांना एकत्र गाताच येत नाही. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तो क्षण लयीला पुरेसा घातक असतो. (यांतली काही यंत्रे तंबोऱ्याच्या अखंड नादाला गोंगाट समजून गाळून टाकतात, शिकवण्या घेणाऱ्यांना हे पुरते ठाऊक आहे!) मग व्यवस्थापक सर्वांचे आवाज बंद करतो, एकटा गवई गातो, आणि मंडळी ओठ मिटून बघत राहतात. समूहगान हा ज्या उपासनेचा श्वास, तिचे श्रोत्यांच्या मैफलीत रूपांतर होते. आपल्या कीर्तनांचेही अलीकडे तसेच होऊ लागले आहे, पण तो विषय पुन्हा केव्हा तरी.

फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण आठवावे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि १६१६ साली त्या रोमन लिपीत छापल्या. छपाई हेच त्या काळचे नवे साधन. त्या शतकात ग्रंथ तीनदा छापला गेला, पण त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवर बंदी घातली, तरी पुराण टिकले. ते हाताने उतरविलेल्या पोथ्यांनी टिकविले, आणि ओवी गाता येत असल्याने माणसांच्या गळ्यांनीही टिकविले. १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्ती अशा पोथ्यांवरूनच सिद्ध झाली.

फुकटच्या जागेचा मालक दुसराच असतो. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले, तेव्हा लोकांनी त्यावर ठेवलेला मजकूरही गेला. म्हणून प्रत्येक चर्चने आपल्या मराठी गीतांची वही, ध्वनिमुद्रण आणि चालींचे स्वरलेखन स्वतःच्या कपाटात ठेवावे. पडद्यावर घालायची ती त्याची दुसरी प्रत.

आणि पडद्यावर घालायचे ते तरी काय? चकचकीत गायक-गायिका नकोत. देवनागरीत ठळक शब्द, संथ चाल, आणि तीच चाल पुन्हा नुसत्या पेटीवर, म्हणजे घरातल्यांना तोंड उघडावेच लागेल. निमाडात उपासनेची भाषा मुख्यतः हिंदी. इथल्या एखाद्या मराठी ख्रिस्ती घरात वसईची चाल आज पोचेल ती बहुधा मोबाइलमधूनच. तिथे आजीने ती गावी, नातवाने चुकत चुकत उचलावी, आणि नाताळला चर्चमध्ये दोघांनी शेजारी उभे राहून म्हणावी, एवढे त्या फुकट साधनाकडून करून घेता आले तर मला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचे नाही.