भाषणाला चाल लावावी काय?

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणपतीतला मांडव, तांबडे-निळे दिवे आणि सिनेमातली गाणी डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे ऐंशी-नव्वद वादकांचा वाद्यवृंद एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणावर रचलेली कृती वाजवतो, हे ऐकून पुष्कळांना गंमत वाटेल. पण अमेरिकेत हे घडले आहे. ॲरन कॉपलंड या संगीतकाराने अब्राहम लिंकनच्या भाषणांतले व लेखनातले उतारे निवडून ‘लिंकन पोर्ट्रेट’ रचले. १४ मे १९४२ रोजी, ऐन महायुद्धात, सिनसिनाटी येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. पंधराएक मिनिटांची रचना. बराच वेळ नुसती वाद्ये वाजतात, मग निवेदक लिंकनचे शब्द बोलतो. गात नाही, बोलतो.

अशी कृती मराठीत व्हावी, आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणावर व्हावी, असे माझे मत आहे. रत्नागिरीत राहून टिळकांचे का नाही, असे कोणी विचारील. १९०८ च्या खटल्यात लोकमान्यांनी काढलेले उद्गार मुंबई उच्च न्यायालयात कोरून लावले आहेत. ते इतके थोडके व भारदस्त आहेत की कुठल्याही समूहगायनात शोभतील. अडचण तीच आहे. श्रोता अभिमानाने मान डोलावील आणि घरी जाईल. १९४९ चे भाषण असे सुखाने ऐकता येत नाही. राजकारणात एका माणसाला एक मत, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच. हा विसंवाद लवकर मिटवला नाही तर ज्यांना तो सोसावा लागतो तेच लोकशाहीचा डोलारा उधळून देतील, असे त्यात बजावले आहे. शिवाय भक्ती धर्मात ठीक, राजकारणात विभूतिपूजा अधोगतीला नेते, हेही. आता विभूतिपूजेविरुद्धच्या शब्दांनाच गोड चाल लावली, तर ती आरतीच व्हायची!

मी मंडणगड तालुक्यातला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या वडिलांनी बाबासाहेबांचे एकही भाषण वाचलेले नाही. त्यांना जे ठाऊक आहे ते गाण्यांतून. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत जी परंपरा चालत आली तिच्यातून. या गाण्यांना मी नावे ठेवत नाही. आमची वाडी ताठ उभी राहिली ती याच गाण्यांच्या बळावर. पण बाबासाहेबांनी आम्हाला काय दिले ते गाण्यात राहते, काय बजावले ते गळून जाते. १४ एप्रिलला लाऊडस्पीकर जसजसा चढतो तसतसे ते अधिकच बुडते.

म्हणून शब्द बोललेच पाहिजेत. हे काही परके नाही. जलशातही गाण्याच्या जोडीला संवाद असत. मूळ भाषण इंग्रजीत आहे. त्याचे मराठी मात्र साधे हवे, नाहीतर सरकारी परिपत्रकासारखे होईल आणि वडिलांना पुन्हा मीच अर्थ सांगत बसायचा.

वादकांची वाण नाही. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईत २००६ पासून आहे. परंतु पहिला प्रयोग नरिमन पॉइंटला झाला तर आमच्या वाडीतले कोण जाणार? तो रत्नागिरीत व्हावा. सावरकर नाट्यगृहाचा रंगमंच अपुरा पडला तर पटांगण आहे. नमन-खेळ्यांनी कधी रंगमंचाची वाट पाहिली? खर्च मोठा येईल हे खरे. पण पुतळ्यांसाठी आपल्याकडे वर्गणी जमतेच.

उरला निवेदक. १९८३ मध्ये जोसेफ श्वांटनरने मार्टिन ल्यूथर किंगच्या शब्दांवर रचलेली कृती वॉशिंग्टनला प्रथम झाली, तेव्हा निवेदक होता विली स्टारजेल, बेसबॉलचा खेळाडू. कॉपलंडने तर निवेदकाला बजावूनच ठेवले आहे की शब्दांवर उगाच जोर देऊ नये, नाटकीपणा करू नये. तेव्हा पुढाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवून ऐकू द्यावे. वाचायला आपल्या वक्तृत्व स्पर्धेतली एखादी मुलगी चालेल, मात्र स्पर्धेतले हातवारे तिने घरी ठेवून यावे.