संगीताला जात नसते? मग परवाना पोलिसांकडे का होता?

‘संगीताला जात नसते, धर्म नसतो, रंग नसतो.’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते खरे वाटायला लागते. पण ते बोलतो कोण? ज्यांच्याकडे सभागृहाच्या चाव्या, कंपनीच्या सह्या आणि पुरस्कार समितीच्या खुर्च्या असतात, तेच बहुतेक वेळा हे बोलतात. या मंडळींचा आवडता दाखला म्हणजे जॅझ. काळ्या माणसाच्या वेदनेतून जन्मलेले आणि साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेले संगीत! छान. मग ते वाजवणारा माणूस रोज कसा जगत होता, तेही एकदा बघू.

न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत एक नियम होता. जिथे दारू मिळते अशा क्लबात काम करायचे असेल तर ‘कॅबरे कार्ड’ लागायचे. ते पोलीस द्यायचे, बोटांचे ठसे घेऊन. जॅझची रोजीरोटी याच क्लबांतून चालायची. म्हणजे वादकाची भाकरी पोलीस ठाण्याच्या फाइलीत बंद!

थेलोनियस मंक हा जॅझ पियानोची भाषा बदलणारा माणूस. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात तो तुरुंगात गेला आणि त्याचे कार्ड काढून घेतले गेले. शिक्षा भोगून झाली, तरी सुमारे सहा वर्षे त्याला आपल्याच शहरातल्या क्लबांत वाजवता येईना. या काळात त्याची रेकॉर्ड निघत होती, विकली जात होती. घर मात्र बायकोच्या, नेलीच्या, कमाईवर चालले. १९५७ मध्ये कार्ड परत मिळाले, तेव्हा त्याने ‘फाइव्ह स्पॉट’ या छोट्या क्लबात जॉन कोल्ट्रेनला सोबत घेऊन महिनोन्महिने वाजवले. आज त्या मैफलींना ऐतिहासिक म्हणतात. त्याआधीच्या हिरावलेल्या वर्षांचा हिशेब कोण देणार?

बिली हॉलिडेचेही तेच. १९४७ मध्ये शिक्षा झाली, १९४८ मध्ये सुटली आणि लगेच तिने कार्नेगी हॉल तुडुंब भरवला. तिथे दारू विकली जात नसल्याने कार्ड लागत नव्हते. पण कार्नेगी हॉल एका रात्रीचा असतो. पोट भरते ते रोजच्या क्लबावर, आणि क्लबाचे दार तिला बंद होते. सन्मान एका रात्रीचा, बंदी कायमची. ही तऱ्हा आपल्याला अनोळखी आहे काय?

माइल्स डेव्हिसला तर कार्ड असूनही मार खावा लागला. ऑगस्ट १९५९ मध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड बाजारात येऊन आठवडा-दीड आठवडा झाला होता. तो ‘बर्डलँड’ क्लबबाहेर, स्वतःचे नाव लावलेल्या फलकाखाली उभा होता. पोलिसाने हटकले, आणि थोड्याच वेळात त्याच्या डोक्यातून रक्त वाहत होते. आत टाळ्या, बाहेर दंडुका. दोन्हींमध्ये एका दाराचे अंतर.

रेकॉर्डिंगचा धंदा वेगळा नव्हता. जॅझची पहिली मानली जाणारी रेकॉर्ड १९१७ मध्ये निघाली, ती गोऱ्या वादकांची. हार्लेमच्या कॉटन क्लबात ड्यूक एलिंग्टन वाजवायचा, पण गिऱ्हाईक म्हणून प्रवेश गोऱ्यांना. एलिंग्टनच्या कितीतरी रचनांवर सहरचनाकार म्हणून त्याचा गोरा व्यवस्थापक आयर्व्हिंग मिल्स याचे नाव छापलेले आहे. नाव छापले की मानधनात वाटा!

हे वादक रडत बसले नाहीत. चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी १९५२ मध्ये ‘डेब्यू’ ही स्वतःची कंपनी काढली. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवणाऱ्या गव्हर्नर फॉबसवर मिंगसने रचना केली. १९५९ मध्ये ती बड्या कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डवर आली, पण शब्दांविना. पुढच्या वर्षी छोट्या ‘कँडिड’ कंपनीने तीच शब्दांसकट काढली. त्याच कंपनीसाठी रोचने १९६० मध्ये ‘वुई इन्सिस्ट!’ केली. मुखपृष्ठावर उपाहारगृहातल्या सत्याग्रहाचे चित्र. रेकॉर्डचा मालक बदलला की काय बोलता येते तेही बदलते, हे त्यांना कळले होते.

वंश आणि जात एकच नव्हेत, हे मान्य. आपल्याकडे तर वाजवणे हेच लादलेले काम होते. हलगी कुणी वाजवायची हे गावाने ठरवले आणि मोबदलाही गावानेच ठरवला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, त्यामागचा प्रश्न हाच होता: आमच्या श्रमाच्या अटी दुसऱ्याने का ठरवायच्या? त्याच काळात आपल्या जलसाकारांनी गावकीचा हुकूम झुगारून स्वतःचा मंच उभा केला. मंकची रेकॉर्ड लावून हळवे होणाऱ्या सवर्ण रसिकाला वस्तीतली भीमगीते ‘गोंगाट’ का वाटतात, हे त्याला जरूर विचारा.

पण मित्रांनो, एक प्रश्न स्वतःलाही विचारू. १४ एप्रिलला आपली मंडळे डीजेला मागेल ती रक्कम देतात आणि गायकाशी मात्र ‘समाजाचं काम आहे, दादा’ म्हणत घासाघीस करतात. पोस्टरवर पुढाऱ्यांचे वीस चेहरे; ढोलकीवाला, बेंजोवाला, कोरस यांची नावे कुठे? कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणाच्याही चॅनलवर चढतो, पैसे त्याला, गायकाला ‘जय भीम’. हे आपलेच लोक आपल्याच लोकांशी करतात. मिल्सला शिव्या देताना आधी आपला आरसा पुसावा लागेल.

तेव्हा येत्या जयंतीला एवढे तरी करा. मानधन लेखी ठरवा आणि कार्यक्रमाआधी द्या. प्रत्येक वादकाचे नाव छापा. रेकॉर्डिंगचे हक्क कलावंताच्या नावावर ठेवा. म्हाताऱ्या शाहिरांच्या घरी जाऊन त्यांची गाणी, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच नावाने, ध्वनिमुद्रित करा.

टाळ्या फुकट असतात. ताबा मात्र लढूनच घ्यावा लागतो.

जय भीम!