आधी टपाल, मग वस्ती

सप्टेंबर 2025 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने इथल्या टपालखात्याला दोन गोष्टींची मोकळीक दिली. घरोघरी पत्र टाकणं बंद करून नाक्यावर सामायिक पेट्या बसवायच्या, आणि खेड्यातली पोस्ट ऑफिसं बंद करायला 1994 पासून जी मनाई होती ती उठवायची. कारण काय, तर दिवसाला सुमारे 1 कोटी डॉलर तोटा. तोटा खरा आहे. 20 वर्षांपूर्वी वर्षाला 550 कोटी पत्रं जायची, आता 200 कोटी. पण "खेडी परवडत नाहीत" म्हणणाऱ्यांना मला टेमिस्क्वाटाची वाट दाखवायची आहे.

अमेरिका स्वतंत्र झाली आणि क्वेबेकचं टपाल न्यूयॉर्कमार्गे पाठवणं इंग्रजांना धोक्याचं वाटू लागलं. म्हणून 1783 मध्ये गव्हर्नर हाल्डिमंडने सेंट लॉरेन्स नदीकाठापासून टेमिस्क्वाटा तलावापर्यंत जंगलातून सुमारे 60 किलोमीटरची वाट काढायला लावली. काढली कुणी? वेठीला धरलेल्या शेतकऱ्यांनी. आणि ती वाट नवी नव्हतीच, वोलास्तोकीयिक लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच होड्या डोक्यावर घेऊन जात होते. सरकारी कागदात मात्र ती हाल्डिमंडची!

पुढच्याच वर्षी पोस्टमास्तर ह्यू फिनलेने ड्युरँड नावाचा हरकारा हॅलिफॅक्सला धाडला. भर जानेवारीत. पायात बर्फावर चालायचे जाळीदार जोडे, पाठीवर टपालाची पिशवी. बर्फ वितळला की भूर्जाच्या सालीची होडी. मॅडावास्का नदी, मग सेंट जॉन नदी, मग फंडीची खाडी. जाऊन-येऊन सुमारे 15 आठवडे लागले. त्या फेरीचा खर्च पत्रांच्या पैशातून निघाला नाही, तरी वाट बंद केली नाही कुणी.

उलट सरकारला वाटलं की या वाटेवर माणसं हवीत. हरकाऱ्याला रात्री चूल पेटलेली दिसली पाहिजे, होडी वल्हवायला कुणी भेटलं पाहिजे. 1785 मध्ये मॅडावास्कात अकेडियन कुटुंबं येऊन राहिली, ती सरकारला या कामासाठी सोयीचीच वाटली. गंमत बघा, याच अकेडियन लोकांना 1755 मध्ये इंग्रजांनीच घरादारातून हाकललं होतं. पुढे 1812 च्या युद्धानंतर निवृत्त सैनिकांनाही या वाटेवर जमिनी दिल्या. जमीन खडकाळ, थंडी जीवघेणी. बरेच जण सोडून गेले.

1813 च्या हिवाळ्यात 104 वी पलटण याच वाटेने चालत गेली, तिचं कौतुक अजून होतं. हरकारा दर हिवाळ्यात चालायचा. त्याचं नावसुद्धा बहुतेक ठिकाणी नोंदलेलं नाही.

म्हणजे इथे टपालाला गरज होती म्हणून सरकारनेच माणसं बसवली. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही परवडता का. आज पत्रं कमी झाली हे मान्य. पण औषधं, सरकारी धनादेश, पार्सलं याच खिडकीतून येतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बंद करायच्या पोस्ट ऑफिसांची यादी काढाल, तेव्हा प्रत्येक नावापुढे तोट्याच्या आकड्याशेजारी अजून एक आकडा छापा: पुढचं पोस्ट ऑफिस किती किलोमीटरवर. आणि तो जानेवारीतल्या रस्त्याने मोजा.