परीक्षेचें ठिकाण

दाभोळच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यांत, मुरूड नांवाचें गांव आहे. सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं तेथील कांहीं मुलें सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठीं साताऱ्यास पायीं निघालीं. सह्याद्रीचा घाट चढून शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनीं तुडविली. त्यांतील धोंडो केशव कर्वे या मुलास तेथें पोंचल्यावर सांगण्यांत आलें कीं, तूं सतरा वर्षांचा दिसत नाहींस, सबब तुला परीक्षेस बसतां येणार नाहीं. हेच पुढें महर्षि कर्वे झाले व १९५८ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, हें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र या हकीकतींतील परतीचा रस्ता अधिक आठवतो. उत्तीर्ण कीं अनुत्तीर्ण हें ठरण्यापूर्वींच त्या मुलास मागें फिरावें लागलें.

आज आमच्या गुहागरांतील कोणी विद्यार्थी बारावीनंतर अमेरिकेंतील नामांकित विद्यापीठांत प्रवेश मागूं लागला, तर त्यासही असाच रस्ता चालावा लागतो. तेथील कित्येक विद्यापीठें ‘सॅट’ नांवाच्या परीक्षेचे गुण मागतात. ही परीक्षा आमच्याकडे २०२३ पासून संगणकावर होते. तरी ती घरीं बसून देतां येत नाहीं, नेमलेल्या केंद्रावर जावेंच लागतें, आणि अशीं केंद्रें मुख्यत्वें मोठ्या शहरांत. येथील मुलानें एस.टी.नें चिपळूण गांठावें, तेथून आगगाडीनें मुंबई, रात्रीं कोणा नातलगाकडे मुक्काम, आणि सकाळीं परीक्षा. शुल्क शंभर डॉलरांहून अधिक. सोबत वडील आले तर त्यांचा रोजगार बुडतो तो निराळाच. शहरांतील मुलगा हीच परीक्षा दोनदां-तीनदां देऊन उत्तम गुण तेवढे पाठवितो. आमच्या मुलाचा बहुधा पहिला प्रयत्न हाच शेवटचा.

दार सर्वांस उघडें, पण दाराशीं पोंचणें दुर्घट, हा प्रकार आमच्या देशास नवा नाहीं. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा १८५५ सालीं सुरू झाली ती लंडनांत. १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, ते पहिले हिंदी गृहस्थ. ही परीक्षा हिंदुस्थानांतही त्याच वेळीं घ्यावी, ही मागणी राष्ट्रसभेच्या १८८५ च्या पहिल्याच अधिवेशनांत झाली. १८९३ सालीं पार्लमेंटच्या कॉमन्स सभेनें तसा ठरावही केला. आणि प्रत्यक्षांत ती अलाहाबादेस झाली १९२२ सालीं. ठराव आणि परीक्षा यांमध्यें एकोणतीस वर्षें! दादाभाई नौरोजींसारख्यांचें मागणें परीक्षा सोपी करा असें नव्हतें. ती जवळ आणा असें होतें.

आमचें मतही तेंच आहे. २०२० च्या कोरोनाच्या सांथींत केंद्रें बंद पडलीं, तेव्हां पुष्कळ विद्यापीठांनीं ही अट शिथिल केली, आणि खेड्यांतील मुलांचा अडसर निघाला असें अनेकांस वाटलें. आम्हांस आतां तसें म्हणवत नाहीं. एम.आय.टी.नें २०२२ सालीं अट पुन्हां घातली; डार्टमथ, येल, ब्राउन व हार्वर्ड यांनीं २०२४ सालीं तसेच निर्णय जाहीर केले. डार्टमथनें दिलेलें कारण विचार करण्याजोगें आहे. परीक्षा ऐच्छिक असतां, गरीब घरच्या कित्येक मुलांनीं आपले गुण कमी समजून ते कळविलेच नाहींत. वास्तविक त्यांची परिस्थिति पाहतां त्या गुणांनीं त्यांचा फायदाच झाला असता. गुण वगळले म्हणजे उरतें काय? निबंध, शिफारशी, आणि शहरांतून पैसे टाकून मिळणारीं नाना प्रकारचीं प्रशस्तिपत्रें. त्यांत आमचा मुलगा अधिकच मागें पडेल. तेव्हां परीक्षा खुशाल असावी. पण संगणकावरील परीक्षेस कागदांचे गठ्ठे धाडावे लागत नाहींत, मग तिचें केंद्र जिल्ह्याजिल्ह्यांत कां नसावें?

तोंपर्यंत ज्यास परीक्षा देतांच येत नाहीं त्यानें काय करावें? येथें आम्हांस आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांची हकीकत अमेरिकेंत पोंचली ती एका मिशनरी मासिकामुळें. गोपाळराव जोशी यांचा वाइल्डर या मिशनऱ्याशीं झालेला पत्रव्यवहार त्यांत छापला गेला, व तो कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आला. (साहाय्याबरोबर धर्मांतराची अपेक्षा त्या पत्रव्यवहारांत होती आणि ती आनंदीबाईंनीं मानली नाहीं, हें मिशनच्या शाळेच्या अंकांत लिहावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.) १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनीं अर्ज केला. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करूं शकत नाहीं, हें त्यांनीं त्यांत लपविलें नाहीं. आपली स्थिति अपवादात्मक आहे, आणि स्वजनांच्या विरोधांतून येथवर आणणारा निश्चय ध्यानांत घ्यावा, अशा आशयाचें तें पत्र. महाविद्यालयानें त्यांस घेतलें. १८८६ च्या मार्चांत त्या एम.डी. झाल्या.

असें पत्र आजही लिहितां येतें. हार्वर्डनें अट पुन्हां घालतांना, अपवाद म्हणून ज्यांस ती परीक्षा देणें अशक्य आहे त्यांच्या इतर परीक्षांचा, देशोदेशींच्या शालान्त परीक्षांचाही, विचार करण्याची सोय ठेविली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर हे गुण प्रवेशासाठीं पाहतच नाहीं. मात्र परदेशी विद्यार्थ्यास तेथें गरजेपुरतें द्रव्यसाहाय्य मिळत नाहीं, हें पालकांनीं आधींच समजून घ्यावें. उलट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. वगैरे थोड्या संस्था परदेशी मुलाची निवड करतांना त्याची ऐपत विचारीत नाहींत, आणि निवड झाल्यास लागेल तें साहाय्य देतात. तेथें जागा अगदीं थोड्या, हेंही खरें.

अशा अर्जासोबत नववीपासूनचे गुण मागतात. पालकांनीं प्रगतिपुस्तकें जपून ठेवावीं. आमच्या घरांतून तीं पावसाळ्याच्या ओलीनें खराब होतात असा अनुभव आहे. आणि शाळेनें आपल्या शिफारसपत्रांत मुलाच्या सद्वर्तनाची नेहमींची चार वाक्यें लिहून थांबूं नये. परीक्षेचें सर्वांत जवळचें केंद्र गुहागराहून किती किलोमीटर आहे, जाण्यायेण्यास किती दिवस व किती रुपये लागतात, हें त्यांत आकड्यांनिशीं लिहावें.