शोध संपूच नये म्हणून

अमेरिकेत आज स्त्री-पुरुष जोडपी सर्वाधिक प्रमाणात इंटरनेटवर जमतात. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड यांच्या पाहणीत २०१७ मध्ये जमलेल्या अशा जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के एकमेकांना इंटरनेटवर भेटली होती. नव्या साधनाने माणसे भेटली, यात गैर काही नाही. पण टिंडर, हिंज, ओकेक्युपिड, मॅच डॉट कॉम ही सारी जोडी जुळवणारी अॅप्स मॅच ग्रुप या एकाच कंपनीच्या मालकीची आहेत. तिची कमाई प्रामुख्याने वर्गणीवर चालते, आणि जोडी जमली की दोन वर्गणीदार जातात. धोका इथे आहे.

भेटीची जागा ज्याच्या हाती, निवडही त्याच्या हाती, हे तसे जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मध्यमवर्गीय तरुणाने मुलीच्या घरी जायचे, तेही तिने किंवा तिच्या आईने बोलावले तर. दिवाणखाना तिचा, म्हणून शब्दही तिचा. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामकरी मुलींकडे दिवाणखाना नव्हता. त्या तरुणांना नृत्यगृहांत, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर भेटू लागल्या. तिथे पैसे तरुण मोजत असे, आणि निवडीचा अधिकार त्याच्याकडे सरकला. पुढे मोटारीने तर जोडप्याला घरच्यांच्या नजरेआडच नेले. १९३७ मध्ये समाजशास्त्रज्ञ विलर्ड वॉलर यांनी दाखवून दिले की कॉलेजात कोणाला किती मागणी, हे कपडे, मोटार आणि नृत्यावर ठरत होते.

जुन्या काळाचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लव्हिंग खटल्याचा निकाल लागेपर्यंत १६ राज्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. समलिंगी जोडप्यांना देशभर विवाहाचा हक्क मिळायला २०१५ उजाडले. निवडीचे हे स्वातंत्र्य लढून मिळवलेले आहे, म्हणूनच ते असे हातचे जाताना गप्प बसवत नाही.

चित्रपटगृहाचा मालकही प्रेमिकांकडून पैसे घेत असे, पण कोणी कोणाला भेटावे हे तो ठरवत नव्हता. आज कोणाचा चेहरा कोणासमोर आणायचा हे कंपनीचे गणित ठरवते आणि ते गणित गुप्त असते. २०२४ च्या १४ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात मॅच ग्रुपविरुद्ध दाखल झालेल्या दाव्यात, ही अॅप्स मुद्दाम चटक लावतात असा आरोप आहे. सहा महिन्यांत कोणी भेटेलच या हमीच्या अटी दडवणे आणि वर्गणी बंद करणे अवघड करून ठेवणे, या आरोपांवर मॅच ग्रुपने २०२५ मध्ये १.४ कोटी डॉलर भरून तडजोड केली. एवढ्या रकमेने अशा कंपनीचे काय वाकडे होणार?

हीच अॅप्स पुण्या-मुंबईच्या मुलामुलींच्या फोनमध्येही आहेत. पण कंपनी अमेरिकेतली, म्हणून या अॅप्सचे गणित स्वतंत्र नियामकासमोर उघडे करण्याची सक्ती अमेरिकेने आताच करावी. खाते बंद होताच माणसाची खासगी माहितीही पुसली गेली पाहिजे, आणि अत्याचाराची तक्रार असलेला माणूस दुसऱ्या नावाने परत आला तर त्याचा जाब कंपनीला द्यावा लागला पाहिजे.