स्प्लेंडर घ्यावी की शाइन?

चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने नवी मोटारसायकल घेताना काय पाहावे, असे वस्तीतील मंडळी आम्हांला नेहमी विचारतात. तरुण पोरगा गाडीचा रंग आणि पिकअप पाहतो. त्यात त्याची चूक नाही. पण ज्याला रोज मुलुंडहून अंधेरीला ड्युटीवर जायचे आहे, ज्याच्या घरी मुलांच्या फिया भरायच्या आहेत आणि ज्याचे गुडघे आता बोलू लागले आहेत, त्याने वेगळ्या नजरेने गाडी पाहिली पाहिजे. म्हणून या आठवड्यात आपण दोन साध्या गाड्यांचा विचार करू. एक हिरोची स्प्लेंडर प्लस, दुसरी होंडाची शाइन १००.

या दोन्ही कंपन्या एके काळी एकाच घरात नांदत होत्या. १९८४ साली हिरो व जपानची होंडा एकत्र आल्या. १९८५ मध्ये त्यांची सीडी १०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. २०१० च्या अखेरीस त्यांनी वेगळे होण्याचे ठरवले. स्प्लेंडर हिरोच्या वाट्याला गेली. मार्च २०२३ मध्ये होंडाने शाइन १०० बाजारात आणली, ती नेमकी स्प्लेंडरच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून. तेव्हा मुंबईत तिची शोरूमची किंमत ६४,९०० रुपये होती.

आता गाड्यांकडे पाहू. स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, शाइनचे जवळपास ९९ सीसीचे. दोन्हींना चारच गिअर. सीटची उंची एकीची ७८५ मिलिमीटर, दुसरीची ७८६. म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचे पाय दोन्हींवर जमिनीला टेकतात. ताकदीतही सांगण्यासारखा फरक नाही.

खरा फरक वजनात आहे. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, शाइन १०० ही ९९ किलोची. तेरा किलो म्हणजे काय, हे रात्री चाळीच्या बोळात गाडी मागे घेऊन डबल स्टँडवर लावणाऱ्याला विचारा. कंबर दुखणाऱ्या माणसाला हा फरक रोज दोन वेळा जाणवतो. घरातील मुलगी किंवा सूनबाई गाडी चालवणार असेल, तर तिलाही हलकी गाडी सोयीची.

उलट खड्ड्यांत स्प्लेंडर बरी. तिची चाके १८ इंची, शाइनची १७ इंची. मोठे चाक खड्ड्यात कमी आपटते. पावसाळ्यात घाटकोपर-अंधेरी मार्गाने जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. शिवाय स्प्लेंडरचे इंजिन सिग्नलला न्यूट्रलमध्ये आपोआप बंद पडते व क्लच दाबताच सुरू होते. दुरुस्तीचे म्हणाल, तर स्प्लेंडर खोलता येत नाही असा मेकॅनिक उपनगरांत शोधूनही सापडणार नाही आणि विकतानाही तिला गिऱ्हाईक लगेच मिळते. शाइनचा पेट्रोलपंप टाकीच्या बाहेर बसवला आहे, त्यामुळे त्याचे काम करताना टाकी उघडावी लागत नाही.

ॲव्हरेजवरून मंडळी फार वाद घालतात. आपण हिशेब करू. रोज ३० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. एका गाडीने लिटरला ६० दिले व दुसरीने ६५, तर महिन्याला फरक पडतो एका लिटरचा. शंभर रुपये, फार तर थोडे वर. एवढ्यासाठी भांडू नये.

भांडावे ते व्याजासाठी. साठ हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले आणि शोरूममधला माणूस म्हणाला, ‘फक्त दहा टक्के, काका,’ तर लगेच सही करू नका. दहा टक्के फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे विचारा. फ्लॅट असेल तर हप्ता २,१६७ रुपये व एकूण व्याज १८,००० रुपये. घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता सुमारे १,९३६ व व्याज सुमारे ९,७००. दर ऐकायला एकच, पण घरातून जाणाऱ्या पैशात आठ हजारांचा फरक! फ्लॅट दहा टक्के म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ अठरा टक्के होतात. तसेच सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुनी दरपत्रके कोणी दाखवली तर मान्य करू नका.

गाडीबरोबर माणसाचीही तपासणी व्हावी. चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि पंचावन्ननंतर लायसन्स पाच पाच वर्षांसाठीच मिळते. तो दाखला पाचपन्नास रुपये देऊन नुसता आणू नका, डोळे खरोखरच तपासून घ्या. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर चष्म्याचा खर्च आधी करा आणि गाडी नंतर घ्या. हेल्मेट दोन घ्या. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे झाले. दंड चुकवण्यासाठी नव्हे, तर मागे आपलीच पत्नी किंवा मूल बसते म्हणून.

मग कोणती घ्यावी? रस्ता लांबचा व खड्ड्यांचा असेल, मेकॅनिक ओळखीचा असेल, पुढे विकायचा विचार असेल, तर स्प्लेंडर. बोळ अरुंद, कंबर नाजूक आणि घरात चालवणारे दोघे-तिघे असतील, तर शाइन १००. आणि दारातली जुनी गाडी ब्रेक, टायर, चेन बदलून आणखी तीन वर्षे धावत असेल, तर तीच ठेवा. त्या हप्त्याचे पैसे मुलांच्या शिक्षणाला लावा. शोरूममध्ये जाताना मात्र घरच्या बाईमाणसाला बरोबर न्या. महिन्याचा हिशेब तिच्याकडे असतो, आणि हप्ता झेपेल की नाही हे ती तुमच्या-आमच्यापेक्षा आधी सांगेल.