विश्लेषण : हवामान परिषदेतले राजकारण खान्देशातल्या वर्गात का हवे?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत बीए, बीकॉम की बीएस्सी, ‘पर्यावरण अभ्यास’ सगळ्यांनाच असतो. अनेकांसाठी तो ‘पास झालो की सुटलो’ असा पेपर. पण याच विषयाची एक बाजू जगभर स्वतंत्रपणे शिकवली जाते : जागतिक पर्यावरण राजकारण. म्हणजे प्रदूषण कोण करतो, झळ कोणाला बसते आणि नियम कोण ठरवतो, याचा अभ्यास.

हा पेपर आला कुठून?

वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर यूजीसीने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. २०२३च्या नव्या आराखड्यात हा विषय ४ क्रेडिटचा झाला. हवामान बदल आणि आंतरराष्ट्रीय करारही त्यात आहेत.

यात राजकारण कुठे आले?

१९९१मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक मुद्दा मांडला. गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून, गुरांपासून निघणारा वायू आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पुढच्याच वर्षी रिओ परिषदेत ‘जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही’ हे तत्त्व मान्य झाले.

वाद मात्र मिटला नाही. २०२४च्या बाकू परिषदेत विकसनशील देशांची मागणी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची होती. श्रीमंत देशांच्या पुढाकाराने उभे करायचे ठरले ते ३०० अब्ज डॉलर, तेही २०३५पर्यंत. भारताने भर सभागृहात त्यावर आक्षेप घेतला.

खान्देशचा संबंध काय?

- केळी : रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो तो तापमान, वारा यांचे ठरलेले आकडे ओलांडले तरच. हे आकडे कोण ठरवतो? नुकसान कसे मोजायचे? बाकूतही भांडण मोजमापाचे आणि पैशांचेच होते.
- वीज : भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरची वीज तयार होते, तर साक्री तालुक्यात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत. कोळसा बंद झाला तर दीपनगरच्या कामगारांचे काय? पवनचक्क्यांसाठी वनजमीन द्यायची, तर ती कसणाऱ्या आदिवासींना विचारले का? ‘स्वच्छ’ विजेतही हा प्रश्न सुटत नाही.
- जंगल : साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने गावाचे नियम करून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले. गावचे चैत्राम पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे जंगल कार्बन शोषते. उद्या त्याचा मोबदला आला, तर तो ग्रामसभेला मिळेल की मधल्या कंपनीला?

वर्गात काय करता येईल?

जगात हा विषय शिकवताना ‘लुटुपुटूची हवामान परिषद’ भरवतात. विद्यार्थी अमेरिका, युरोप, चीन, भारत असे गट करून वाटाघाटी करतात. कोणी किती उत्सर्जन कमी केले तर तापमान किती वाढेल, हे ‘सी-रोड्स’ हे मोफत सॉफ्टवेअर लगेच दाखवते. एक प्रोजेक्टर आणि दोन तास पुरतात.

दुसरा मार्ग प्रकल्पाचा. एरवी इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रकल्पाऐवजी गावातल्या दहा केळी उत्पादकांना विमा मिळाला का, का नाही, हे विचारून लिहिता येईल.

अडचण कुठे आहे?

या विषयाचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. शिवाय पेपर सक्तीचा असल्याने वर्ग मोठे आणि भर पाठांतरावर. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे पर्यावरणाचा विभाग आहे आणि तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजेही. दरवर्षीचे विद्यार्थ्यांचे चांगले प्रकल्प मराठीत एकत्र केले, तरी पुढच्या वर्गाला आपल्याच भागाचे पाठ्यपुस्तक मिळेल.

थोडक्यात : विम्याचे निकष, वनजमीन, कार्बनचा मोबदला यांचे निर्णय होत राहतील. त्या टेबलावर खान्देशची बाजू मांडायची, तर ती आधी इथल्या वर्गात मांडता यायला हवी.